खोट्या प्रेतांचा गाडा

मित्रांनो, देवळाच्या टेकडीखाली नाटकाची जागा आहे ना, तिथल्या लाकडी इमारतीत मागच्या अंधारात उभा असलेला हा बुटका, चार चाकांचा गाडा म्हणजे मी. मला ना बैल जुंपतात, ना घोडा. वसंतातल्या उत्सवात दोन दांडगे गडी मला मागून ढकलतात, मधले मोठे दार उघडते आणि मी उजेडात येतो. माझ्यावर तेव्हा कोणीतरी मरून पडलेले असते.

घाबरू नका, मेलेले म्हणजे नाटकातले. आमच्या अथेन्समध्ये नाटकात कोणाला लोकांच्या डोळ्यांदेखत मारत नाहीत. राजा असो की राणी, मरायचे ते दाराआड. आतून किंकाळी येते. बाहेर गाणाऱ्यांचा ताफा ‘काय झाले असेल, आत जावे का’ म्हणत घोळ घालतो, आणि आत मात्र कोणीच जात नाही. तशी रीतच आहे. मग मी बाहेर येतो आणि काय झाले ते दाखवतो. मला पाहिल्याबरोबर उतारावर बसलेली अख्खी टेकडी रडायला लागते. भाजीच्या गाड्याला असा मान मिळतो का, सांगा बरे?

या मानाचा मला एके काळी गर्व होता. तो कसा उतरला, तेच सांगायचे आहे.

जन्माने मी गाडा नव्हे. उत्तरेच्या डोंगरात मी पाइनचे झाड होतो. मला तोडून पिरेयस बंदरावर आणले तेव्हा पहिल्यांदा मला हात लावला तो लिसानियासने. तो जहाजे बांधायचा. फळी विकत घेण्याआधी तो तिच्यावर बोटाने टकटक करायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, “ही बोलते.” न बोलणारी फळी तो घेत नसे. मी बोललो असणार, कारण त्याने मला एका लढाऊ जहाजाच्या कुशीत बसवले आणि त्या जहाजाचा पहिला खिळा स्वतःच्या हाताने मारला. वल्ह्याची खुंटी बसवायला माझ्यात एक भोक पाडले, तेही त्यानेच. ते भोक लक्षात ठेवा.

जहाज अजून किनाऱ्यावरच होते तेव्हा लिसानियासला मुलगा झाला. लग्नाला बरीच वर्षे झाल्यावर झालेला, त्यामुळे जिवापलीकडचा. त्याचे नाव थालोस. बाप हौसेने दोदोनाला गेला. तिथे जुन्या ओकच्या झाडाखाली पुजारणी बसतात आणि पानांच्या सळसळीतून देवाचे बोलणे ऐकतात. मुलाचे पुढे कसे होईल, एवढेच त्याला विचारायचे होते. परत आला तो उतरलेल्या चेहऱ्याने, आणि घरी न जाता थेट जहाजाशी येऊन बसला. त्याची बायको अर्खिप्पे बाळाला कडेवर घेऊन, फडक्यात भाकरी आणि ऑलिव्ह बांधून तिथेच आली.

“काय म्हणाल्या त्या?” तिने विचारले.

“नको विचारूस.”

“अहो, पोटात मी वाढवला याला. मला नको विचारू म्हणता?”

लिसानियासने माझ्यावर हात ठेवला. “या जहाजाचा पहिला खिळा मी मारला ना? याच्याच फळ्यांवर आपल्या थालोसचं प्रेत तरुणपणी अख्ख्या गावापुढे येईल, असं म्हणाल्या.”

अर्खिप्पे रडली नाही. तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतले. “मग याला कधी या जहाजावर चढूच द्यायचं नाही. संपलं.”

पण ते संपले नाही, सुरू झाले. बंदरावरची सगळी पोरे पाण्यात डुंबायची, थालोस घरात. एकदा तो सहा-सात वर्षांचा असताना नजर चुकवून आला आणि माझ्या बाजूला दोन्ही तळहात टेकवून उभा राहिला. बापाने पाहिले, धावत येऊन फाडकन मुस्काटात मारली, आणि दुसऱ्याच क्षणी त्याला छातीशी धरून स्वतःच रडू लागला. पोराला बिचाऱ्याला कळेना, मार कशाचा आणि रडणे कशाचे.

मी लढायांवर गेलो. माझ्यावर माणसे मेली, खरी माणसे. तेव्हा मला एक गोष्ट कळली. मेल्याचे सोंग घेतलेला माणूस फळीवर पडलेला असतो. खरे प्रेत फळीत बसते. त्याचे वजन वेगळे असते. हे ज्ञान पुढे उपयोगी पडले असे म्हणवत नाही, पण ते मला होते.

शेवटी एका खडकावर जहाजाचा तळ फुटला. मोडण्यासाठी ते लिसानियासने हट्टाने मागून घेतले. आपल्याच हाताने बांधलेले जहाज त्याने कुऱ्हाडीने तोडले आणि तोडताना तो चक्क गात होता. बहुतेक लाकूड त्याने तिथेच जाळले. मला मात्र बाजूला काढले. ‘ही बोलते’ म्हणून निवडलेली फळी जाळायला त्याचा हात धजेना.

“मालक, हीपण टाका की आगीत,” त्याचा गडी म्हणाला.

“नाही. ही आणि या पलीकडच्या चार डायोनिससला वाहतो. एकदा देवाची झाली की कायमची देवाची. ना पुन्हा पाण्यात जाणार, ना माझ्या दारात येणार.”

अशा रीतीने मी नाटकाच्या देवाच्या दारात पडलो. तिथल्या जुन्या गाड्याला वाळवी लागली होती, म्हणून पुजाऱ्याने आम्हा पाच फळ्यांचा नवा गाडा करून घेतला. लिसानियासला हे कळले तेव्हा तो पोट धरून हसला. “गाडा? झकास! जमिनीवर कोण बुडतो?”

मग माझे सुखाचे दिवस आले. दर वसंतात मी दारातून बाहेर येई. तेव्हा माझ्यावर बहुधा भुशाने भरलेले बाहुले असे, चांगल्या कपड्यातले, मुखवटा बांधलेले. दाराच्या दगडी उंबऱ्याला चाकांनी झिजून झिजून एक खोल खाच पडली होती. तिथे माझे पुढचे चाक दणकन आपटे आणि मी पुढे कलंडल्यासारखा होई. बाहुले थोडे घसरे. कोणाचे काही बिघडत नसे.

थालोस विशीत आला आणि मोठी मोहीम निघाली. शहरातल्या तरण्या पोरांना आरमारावर बोलावणे आले. भाकितातले जहाज तर केव्हाच राख झाले होते, तरी लिसानियासला कोणत्याच जहाजाचा भरवसा वाटेना. आमच्याकडे एक रीत आहे. उत्सवाच्या नाटकासाठी एखादा श्रीमंत माणूस गाणाऱ्यांचा ताफा पोसतो, शिकवतो, आणि त्या ताफ्यातल्या पोरांना त्या वर्षी लढाईवर जावे लागत नाही. लिसानियासने ती जबाबदारी आपणहून मागितली आणि ताफ्यात पहिले नाव थालोसचे घातले.

तालमी लिसानियासच्याच अंगणात व्हायच्या. मलाही तिथे नेले होते. कुंपणाबाहेरून थालोसचे सोबती सामान खांद्यावर टाकून बंदराकडे जाताना दिसत.

“काय आजोबा, गुडघे दुखतात का?” एकाने ओरडून विचारले. ताफा म्हाताऱ्यांचा होता आणि थालोसच्या हनुवटीला पांढरी दाढी बांधलेली होती.

“दुखतात रे बाळा,” थालोसने म्हाताऱ्याच्या आवाजात उत्तर दिले, “तू परत येशील तेव्हा चेपून दे.”

सगळे हसले. पण ते दिसेनासे झाल्यावर थालोसने दाढी ओढून काढली आणि बराच वेळ माझ्या कडेवर खाली मान घालून बसून राहिला. त्याला लाज वाटत होती. ती मला त्याच्या बसण्यातून कळत होती.

नाटक एका राजाचे होते. घरातलेच शस्त्र तुझा घात करील असे त्याला कोणी सांगितलेले असते, म्हणून तो राजवाड्यातली सगळी शस्त्रे समुद्रात टाकतो. फक्त वडिलांची एक तलवार त्याच्याने टाकवत नाही. शेवटी तीच छातीत घेऊन तो मरतो. राजाचे काम करणारा नट पोलेमोन. वयस्कर, खर्जातल्या आवाजाचा. आमच्या नियमाप्रमाणे एका नाटकात बोलणारे नट तीनच, म्हणून राजा मेल्यावर मुखवटा बदलून राजाच्या आईचे कामही पोलेमोनलाच होते. त्याने स्वतःच्याच प्रेतावर रडायचे. म्हणजे प्रेताच्या जागी दुसरे कोणीतरी हवे. कवी म्हणाला, नेहमीचे बाहुले चालेल.

लिसानियास खांबाला टेकून ऐकत होता. तो एकदम सरळ झाला. माझ्याकडे बघितले, थालोसकडे बघितले, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आले ते मी कधी विसरणार नाही.

“बाहुलं नको,” तो म्हणाला. “थालोस पडेल.”

त्या संध्याकाळी अंगणात तो, अर्खिप्पे आणि पोलेमोन एवढेच उरले होते. नवऱ्याच्या मनात काय आहे ते अर्खिप्पेने बरोबर ओळखले होते.

“देवाला फसवायला निघालात?”

“फसवतोय कुठे? त्याचा शब्द पाळतोय. याच फळ्या, माझाच मुलगा, अख्खा गाव पुढ्यात. सगळं होईल. फक्त प्रेत खोटं असेल. एकदा होऊन गेलं की फिटलं, मग पोरगं मोकळं. वीस वर्षं झाली अर्खिप्पे, मी एक रात्र धड झोपलो नाही.”

“आणि मी घोरत होते वाटतं?”

“मालक,” पोलेमोन हळूच म्हणाला, “असल्या गोष्टींची नाटकं करून माझे केस पांढरे झाले. प्रत्येकातला राजा हेच म्हणतो.”

“ते राजे मूर्ख होते. मी सुतार आहे. मी मोजून काम करतो.”

मित्रांनो, त्याला वाईट माणूस समजू नका. मुलावर त्याच्याइतकी माया करणारा बाप मी दुसरा पाहिला नाही. तीच माया त्याला ओढत होती.

थालोसला सगळे सांगितले तेव्हा तो खो खो हसला. “म्हणून लहानपणी थोबाडीत मारली होती होय! बाबा, एवढंच ना? पडतो की. मेल्यावर भूक लागली तर काय करायचं तेवढं सांगा.” त्या प्रसंगापुरता तो ताफ्यातून बाजूला झाला, आणि मरण्यात पटाईत निघाला. श्वास इतका बारीक करायचा की एकदा अर्खिप्पे भाकरीची टोपली टाकून धावत आली. त्याने एक डोळा उघडून तिला दाखवला. तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

उत्सवाची सकाळ उजाडली. मला पुन्हा दारामागच्या अंधारात आणून ठेवले. तालमीत लाकडी तलवार होती, रंगवलेली. लिसानियास आला तो काखेत गुंडाळलेले काहीतरी घेऊन. फडके सोडले. त्याची स्वतःची लोखंडी तलवार होती, रात्रभर घासून लखलखीत केलेली.

“मालक, लाकडीच बरी,” पोलेमोन म्हणाला.

“वरच्या रांगेत बसलेल्याला लाकूड दिसतं का? लोखंडावर ऊन पडलं पाहिजे. आणि खोटं काही राहायला नको. फळ्या खऱ्या, तलवार खरी. देवाला कुठे बोट ठेवायला जागा नको.”

त्याने तलवारीची मूठ माझ्या वल्ह्याच्या भोकात बसवली आणि मोगरीने ठोकून पक्की केली. पाते वर, थोडे तिरके. थालोस असा पडला की पाते त्याच्या काखेतून वर यावे आणि लांबून छातीतून आल्यासारखे दिसावे. अंगावर राजाचे जांभळे वस्त्र, त्यावर लाल रंग. तोंडावर राजाचा मुखवटा.

लिसानियासने पाते हलवून बघितले. “बघ, तसूभर हलत नाही.”

“आणि गाडा हलला तर?” पोलेमोनने विचारले.

“अंगणात कधी हलला का?”

अंगण सारवलेले, सपाट होते. अंगणाला उंबरा नव्हता.

ढकलणाऱ्या गड्यांना खाच ठाऊक होती, पण वस्त्राखालची तलवार खरी आहे हे ठाऊक नव्हते. लिसानियासला तलवार ठाऊक होती, खाच नव्हती. पोलेमोन नेहमी बाजूच्या दाराने बाहेर जायचा, त्याला माझा दणका कधी कळलाच नव्हता. दोन्ही गोष्टी ठाऊक असलेला मी एकटा. आणि ‘ही बोलते’ असे ज्याला नावाजले होते, त्याला बोलता येत नव्हते.

लिसानियास जाऊन पहिल्या रांगेत बसला. नाटक सुरू झाले. राजा आत आला, म्हणजे पोलेमोन. त्याने भिंतीकडे तोंड करून अशी किंकाळी फोडली की माझ्या फळ्या थरथरल्या.

“काका, कान फुटले ना,” मुखवट्याआडून थालोस कुजबुजला.

“गप पड, राजा.” पोलेमोनने आईचा मुखवटा बांधला आणि थालोसच्या खांद्यावर थोपटून तो बाजूच्या दाराने गेला.

बाहेर ताफ्याने घोळ घातला. आत जावे का? दार ठोठावावे का? कोणाला हाक मारावी का? मग दार उघडले. गड्यांनी जोर लावला.

पुढचे चाक खाचेत गेले.

मी कलंडलो. थालोस माझ्यावरून वीतभर घसरला. त्याच्या तोंडून बारीकसा आवाज आला, काहीतरी एकदम आठवल्यावर यावा तसा. त्याच्या बोटांनी माझी कड पकडली, नखे लाकडात रुतली. टेकडीवर कौतुकाची कुजबुज झाली. गडी मला ढकलतच राहिले, त्यांच्यासमोर माझी पाठ होती. मी उन्हात येऊन थांबलो तेव्हा त्याची नखे सुटली, आणि तो माझ्यात बसला.

लाल रंगात लाल मिसळले. तलवारीवर लिसानियासला हवे होते तसे ऊन पडले.

“पोरगं काय पडलंय हो,” पहिल्या रांगेतला पुजारी म्हणाला. “श्वाससुद्धा दिसत नाही.”

“माझा मुलगा आहे,” लिसानियास म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तो हसत होता. “झालं. गावापुढे आलं. फिटलं सगळं.”

पोलेमोन आईच्या चालीने आला, माझ्या कडेवर बसला आणि राजाचे डोके त्याने मांडीवर घेतले. त्याचा तळहात ओला झाला. रंग गार असतो. हे गरम होते.

“थालोस,” तो मुखवट्याआतून पुटपुटला. “बाळा, बोट हलव. एक बोट हलव फक्त.”

मग तो बोलायचाच थांबला. टेकडीवर पान हलेना. त्याचा एक हात मुखवटा काढायला वर गेला. त्याने समोर बघितले. समोर लिसानियास वीस वर्षांत पहिल्यांदाच सैल होऊन बसला होता. पोलेमोनचा हात खाली आला, आणि त्याने आईचे उरलेले रडणे म्हटले. त्या दिवशी तो जसा रडला तसा एकही नट पुन्हा या जागेवर रडला नाही. माणसांनी तोंडात अंगावरच्या वस्त्रांची टोके कोंबली. त्याने तेव्हा मुखवटा का काढला नाही, बापाला ते चार क्षण द्यायचे होते म्हणून की धीर झाला नाही म्हणून, हे मला अजून कळलेले नाही. थालोस तेव्हा गेलेला होता, एवढे मी खात्रीने सांगतो.

मला मागे ओढले, दार लागले. टाळ्यांचा आवाज अजून येत होता तोच लिसानियास आत धावत आला.

“जिंकलो! पोरा, जिंकलो! ऊठ, आईनं अंजिरं काढून ठेवलीत.”

थालोस उठला नाही.

“ऊठ म्हणतो ना. आता कोणी बघत नाही.” तो हसत पोलेमोनकडे वळला. “पोलेमोन, सांग रे याला, नाटक संपलं म्हणून.”

पोलेमोन भिंतीला टेकून उभा होता. आईचा मुखवटा त्याने काढलेला नव्हता.

लिसानियासने माझ्याकडे पाहिले. मग वाकून मुखवट्याची गाठ सोडली. त्याने मुलाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, आणि माझ्या फळीवर बोटाने टकटक केली. कान लावला. पुन्हा टकटक केली. किती वेळ तो तसे करत राहिला.

उत्सवातल्या नाटकांच्या चढाओढीचे पहिले बक्षीस त्यालाच मिळाले. आयव्ही वेलीच्या पानांचा मुकुट घरी आला तो अर्खिप्पेने थडग्यावर नेऊन ठेवला. आरमार लढाई न होताच परत आले. थालोसचे सोबती, त्याला आजोबा म्हणणारे, एकजात सगळे धडधाकट आले आणि थडग्यापाशी खाली मान घालून उभे राहिले.

लिसानियास कुऱ्हाड घेऊन माझ्याकडे आला होता. पुजारी आडवा आला. “लिसानियास, हे देवाचं आहे. तूच वाहिलंस.” त्याने कुऱ्हाड खाली ठेवली. आपलेच शब्द होते ते.

त्यानंतर दर वसंतात, उत्सवाच्या आधी, तो चुना आणि दगडाची भुकटी घेऊन यायचा. गुडघे टेकून उंबऱ्याची खाच बुजवायचा, हाताने सारखी करायचा, वर्षभरात ती पुन्हा झिजायची आणि तो पुन्हा यायचा. म्हातारा झाला तरी आला. आता तो नाही. खाच पुन्हा खोल झाली आहे.

माझ्या फळीवर एक डाग आहे. नवे गडी त्याला जुना रंग समजतात आणि दर वर्षी त्यावर ताजा लाल रंग ओततात.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू गोष्ट सांगून झाली की म्हणतात, आम्हाला जपा, तेलपाणी करा. मला तसले काही नको. देवाच्या दाराशी पडून मी आपोआप कुजेन. तुमच्यापैकी कोणाला चुना कालवता येत असेल, तर ती खाच तेवढी बुजवा. आणि पुढच्या वसंतात दार उघडून मी तुमच्यापुढे येईन, माझ्यावर कोणीतरी अगदी निपचित पडलेले असेल आणि ‘काय सुंदर मेलाय’ असे तुमच्या ओठांवर येईल, तेव्हा आधी त्याची छाती हलते का तेवढे बघा. टाळ्या नंतरही वाजवता येतात.